बी-स्कूलची ऑफर घ्यायची की पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करायचा?

एमबीएच्या प्रवेशाचं पत्र, म्हणजे ॲडमिट, आलंय, पण हव्या त्या बी-स्कूलचं (मॅनेजमेंट शिकवणाऱ्या शाळेचं) नाही. जिच्यासाठी वर्षभर राबलात तिने नकार कळवलाय, आणि यादीत तिसऱ्या-चौथ्या नंबरावर असलेल्या शाळेने बोलावलंय. जागा पक्की करण्याचं डिपॉझिट भरायला तीन आठवडे उरलेत. घरचे म्हणतात आलेली संधी सोडू नकोस. मित्र म्हणतात तू याहून वरच्या शाळेत जाऊ शकतोस. दोघांचंही म्हणणं मनापासून असतं, पण त्यातल्या कुणीही तुमचा अर्ज वाचलेला नसतो.

या वळणावर बहुतेक जण दोन शाळांची तुलना करत बसतात. रँकिंग उघडतात, कॅम्पसचे व्हिडिओ बघतात. पण ज्या शाळेने नकार दिलाय ती आत्ता तुमच्यासमोरचा पर्यायच नाही. खरी निवड आहे ती हातात असलेली जागा आणि एक वर्ष थांबून मिळणारी फक्त एक शक्यता, यांच्यात. ती शक्यता किती मोठी हे एकाच प्रश्नावर ठरतं: पुढच्या अर्जात या वर्षीपेक्षा नेमकं काय वेगळं असणार आहे? याचं उत्तर दोन वाक्यांत कागदावर उतरत नसेल, तर थांबण्याचा निर्णय आशेवर उभा आहे असं समजा. खाली दिलेल्या पायऱ्या त्या उत्तरापर्यंत पोचण्यासाठी आहेत. दोन वीकेंड आणि चार-पाच फोन एवढ्यात त्या पुऱ्या होतात.

पहिली पायरी: तारखा मांडा

सुरुवात कॅलेंडरपासून करा, कारण सगळ्यात मोठा गैरसमज तिथेच असतो. "एक वर्ष थांबतो" असं म्हणताना वर्षभर वेळ हातात आहे असं वाटतं. प्रत्यक्षात तसं नसतं. दोन वर्षांच्या पूर्णवेळ एमबीएसाठी मोठ्या शाळांचा पहिला राउंड (अर्ज घेण्याची फेरी) सप्टेंबरमध्ये बंद होतो, दुसरा जानेवारीच्या पहिल्या पंधरवड्यात आणि तिसरा मार्चअखेर ते एप्रिलमध्ये. दुसऱ्या राउंडचे निकाल मार्च-एप्रिलमध्ये लागतात. म्हणजे एप्रिलमध्ये नकार घेऊन पहिल्या राउंडला पुन्हा उभं राहायचं, तर हातात जेमतेम पाच महिने असतात. या पाच महिन्यांत प्रमोशन मिळेल, मोठा प्रोजेक्ट पूर्ण होईल, परीक्षेचा स्कोअर वाढेल, हे सगळं एकत्र जमणं अवघड असतं. जानेवारीचा राउंड धरला तर नऊ महिने मिळतात, पण शिष्यवृत्तीचे पैसे आणि जागा या दोन्ही दृष्टींनी पहिला राउंड बहुधा जास्त सोयीचा असतो.

तुमचा निकाल कोणत्या राउंडचा आहे, यावरही पर्याय बदलतात. पहिल्या राउंडची ऑफर डिसेंबरमध्ये आली असेल तर पुढच्या वर्षाचा विचार करण्याआधी याच हंगामातला दुसरा राउंड उघडा आहे. सुट्टीचे दोन-तीन आठवडे मिळतात, मूळ निबंध तयार असतात, शिफारस देणाऱ्यांकडेही मजकूर असतो. दोन-तीन शाळा वाढवणं शक्य आहे, आणि तो एक वर्ष गमावण्यापेक्षा कितीतरी स्वस्त मार्ग आहे. हे करताना हातातल्या शाळेच्या डिपॉझिटची तारीख आणि नव्या निकालांची तारीख यात अंतर पडतं. त्यावर पुढे बोलू.

एक गोष्ट इथेच बघून घ्या. ऑफर बंधनकारक अर्ली राउंडमधली असेल, तर अर्ज करतानाच तुम्ही "मिळाली तर येईन" असं लिहून दिलेलं असतं. तिथे हा प्रश्न उरत नाही.

दुसरी पायरी: नकार कशामुळे आला ते शोधा

इथे घाई करू नका. पुढचं सगळं यावर अवलंबून आहे.

आधी बघा, नकार मुलाखतीआधी आला की नंतर. मुलाखतीचं बोलावणंच आलं नसेल तर अडचण कागदावर आहे: स्कोअर, मार्क, कामाचा अनुभव, ध्येयाची मांडणी किंवा शिफारसपत्र. मुलाखतीनंतर नकार आला असेल तर कागद पुरेसे होते. मग कमी पडलं ते बोलण्यात, किंवा तुमच्यासारख्याच पार्श्वभूमीच्या दुसऱ्या उमेदवाराला जागा गेली. तीन-चार शाळांनी मुलाखतीला बोलावून नाकारलं असेल तर मुलाखतीची तयारी बदलायला हवी, आणि ते तुलनेने लवकर सुधारतं. पाचही शाळांनी मुलाखतीआधीच नाकारलं असेल तर कागदावरचा दोष सगळीकडे तोच आहे.

आता दोषांची दोन गटांत विभागणी करा: पाच-नऊ महिन्यांत बदलणारे आणि न बदलणारे.

स्कोअर बदलू शकतो. जीमॅट या प्रवेश परीक्षेचं सध्याचं रूप २०२३ च्या नोव्हेंबरपासून आलं. त्यात ४५ मिनिटांचे तीन भाग आहेत आणि स्कोअर २०५ ते ८०५ या मोजपट्टीवर मिळतो. जुन्या आणि नव्या मोजपट्ट्या एकमेकींना जुळत नाहीत. जुन्या परीक्षेतला ७०० नव्यात साधारण ६४५ च्या जवळ बसतो. त्यामुळे शाळेची सरासरी बघताना ती कोणत्या परीक्षेची आहे हे आधी तपासा. नाहीतर चांगला स्कोअरही उगाच कमी वाटतो. सरासरीपेक्षा शाळा प्रवेश मिळालेल्यांपैकी मधल्या ८० टक्क्यांच्या स्कोअरची जी रेंज देतात ती जास्त उपयोगी. त्या रेंजच्या खालच्या टोकापाशी असाल, किंवा एकट्या क्वांटमध्ये (गणिताच्या भागात) मागे असाल, तर पुन्हा परीक्षा देण्यात अर्थ आहे. रेंजच्या मध्यावर असाल तर १० गुण वाढवून निकाल बदलत नाही. तरीही दरवर्षी असंख्य लोक हेच करत बसतात, कारण स्कोअर ही एकच गोष्ट अशी आहे जिचा अभ्यास करता येतो.

उशिरा अर्ज केला होता, हा दोषही दुरुस्त होतो. तिसऱ्या राउंडपर्यंत वर्ग जवळपास भरलेला असतो. तोच अर्ज पहिल्या राउंडमध्ये वेगळा ठरू शकतो. अनुभव दोनच वर्षांचा होता, तर तो आपोआप तीन होईल. अमेरिकेतल्या मोठ्या पूर्णवेळ कोर्समध्ये सरासरी अनुभव पाचेक वर्षांचा असतो, त्यामुळे दोनाचे तीन होणं हा खरा बदल आहे. सहाचे सात होणं हा बदल नाही, उलट थोडं अवघडच होतं.

ध्येयाची मांडणी सगळ्यात जास्त वेळा चुकते आणि सगळ्यात कमी वेळा ओळखली जाते. "मला नेतृत्वगुण विकसित करून कन्सल्टिंगमध्ये जायचं आहे" हे वाक्य कुणाच्याही अर्जात बसतं. त्याऐवजी असं बघा: "चार वर्षं मी कारखान्यांचं वेळापत्रक बसवतोय. यंत्र कुठे अडतं ते मला कळतं, पण ते दुरुस्त करायला पैसे द्यायचे की नाही हा निर्णय जिथे होतो त्या खोलीत मी नसतो. मला उत्पादन कंपन्यांच्या ऑपरेशन्स कन्सल्टिंगमधून तिथे पोचायचंय." दुसऱ्या मांडणीत माणूस दिसतो, आणि शाळेच्या प्लेसमेंट टीमला याला नोकरी कुठे लावता येईल तेही दिसतं. तुमचे जुने निबंध एखाद्या अशा माणसाला वाचायला द्या जो तुम्हाला ओळखत नाही. वाचून झाल्यावर विचारा, "मला पुढे काय करायचंय?" त्याने अडखळत उत्तर दिलं तर दोष सापडला.

न बदलणाऱ्या गोष्टी: पदवीचे मार्क, पदवीचं कॉलेज, तुमच्या क्षेत्रातून येणाऱ्या अर्जांची गर्दी. मार्क कमी असतील तर गणित, संख्याशास्त्र किंवा अकाउंटिंगचा ग्रेड मिळणारा एखादा कोर्स करून "मला झेपतं" हे दाखवता येतं. पण त्याने जुनी मार्कशीट पुसली जात नाही. नकाराचं कारण यातलंच असेल तर त्याच शाळांना पुन्हा अर्ज करून बहुधा तेच उत्तर येईल. शाळांची यादी बदलावी लागेल.

काही शाळा नाकारलेल्या उमेदवारांना अभिप्राय देतात. बहुतेक देत नाहीत. विचारून बघायला हरकत नाही, मात्र एकदाच आणि थोडक्यात.

तिसरी पायरी: हातातली शाळा नीट वाचा

या शाळेला अर्ज करताना तिचा जितका अभ्यास केला होता, त्याहून जास्त आता करायचा आहे. माहितीपत्रक बाजूला ठेवा आणि प्लेसमेंट रिपोर्ट उघडा. चांगल्या शाळांचे रिपोर्ट पदवीनंतर तीन महिन्यांपर्यंतच्या नोकऱ्या दाखवतात. ते कसे वाचायचे ते एका काल्पनिक उदाहरणाने बघू.

समजा वर्गात २०० जण आहेत. रिपोर्ट म्हणतो, नोकरी शोधणारे १६०. उरलेले ४० कोण? कंपनीने पाठवलेले, स्वतःचा व्यवसाय करणारे, पुढे शिकणारे. पण हा आकडा फार मोठा असेल तर नोकरी न मिळालेल्यांना "शोधत नाही" या रकान्यात तर टाकलेलं नाही ना, हे विचारा. १६० पैकी १२५ जणांनी तीन महिन्यांच्या आत नोकरी स्वीकारली, आणि त्यांतले २० टक्के कन्सल्टिंगमध्ये गेले. म्हणजे २५ जण. आता माजी विद्यार्थ्यांची प्रोफाइलं चाळा: या २५ पैकी आधीपासून कन्सल्टिंगमध्येच होते आणि परत गेले असे किती? समजा ८. राहिले १७. नव्याने त्या क्षेत्रात शिरलेले हेच. पुढचा प्रश्न सध्याच्या विद्यार्थ्यांना विचारायचा: पहिल्या सत्रात किती जण कन्सल्टिंगची तयारी करत होते? ते म्हणाले ७०. तर तुमच्यासारख्याला तिथून कन्सल्टिंगमध्ये जाण्याची शक्यता साधारण चारात एक. रिपोर्टमधल्या "२० टक्के कन्सल्टिंग" या ओळीतून हे दिसत नाही.

हेच गणित तुमच्या क्षेत्रासाठी करा. पगाराचा आकडा बघताना सरासरी नको, मध्यक बघा, म्हणजे अर्धे पगार ज्याच्या वर आणि अर्धे खाली असतात तो आकडा. दोन-तीन फार मोठे पगार सरासरी वर ओढतात. परदेशी विद्यार्थ्यांचा तक्ता वेगळा दिला असेल आणि तुम्ही परदेशी असाल, तर तोच वाचा. अमेरिकेतल्या शाळांबाबत आणखी एक तपासणी: कोर्सला स्टेम (विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी, गणित) दर्जा आहे का? पदवीनंतर तिथे काम करू देणाऱ्या ओपीटी या परवानगीची मुदत १२ महिने असते, स्टेम दर्जा असेल तर त्यात आणखी २४ महिने मिळू शकतात. कंपनी तुम्हाला नोकरीवर घेईल की नाही यावर या एका गोष्टीचा मोठा परिणाम होतो. व्हिसाचे नियम बदलत असतात, तेव्हा चालू नियम सरकारी संकेतस्थळावरच वाचा.

मग माणसांशी बोला. पाच पुरेत: सध्या शिकणारे दोन, दोन-तीन वर्षांपूर्वी बाहेर पडलेले दोन, आणि एक असा ज्याला हवी ती नोकरी मिळाली नाही. हा पाचवा शोधायला कष्ट पडतात, ॲडमिशन ऑफिस त्याची गाठ घालून देत नाही, पण सगळ्यात उपयोगाचं तोच सांगतो. "शाळा कशी आहे?" विचारू नका, उत्तर नेहमी "छान" असंच येतं. विचारा: तुमच्या क्षेत्रातल्या कोणत्या कंपन्या कॅम्पसवर येऊन मुलाखती घेतात आणि कोणत्या नुसतं सेशन घेऊन जातात? इंटर्नशिप मार्चपर्यंत मिळाली नव्हती असे किती जण होते? करिअर ऑफिसने तुमच्यासाठी शेवटचं ठोस काय केलं?

या चौकशीत अनेकांचा शाळेबद्दलचा ग्रह बदलतो. कधी ती वाटली होती त्याहून चांगली निघते, कारण एका विशिष्ट उद्योगात तिची घट्ट पकड असते. कधी अगदी उलट.

चौथी पायरी: थांबण्याची किंमत काढा

रक्कम कोणतीही असो, तुमची सध्याची वार्षिक कमाई १०० धरा, बाकी सगळं त्या प्रमाणात.

समजा हातातल्या शाळेनंतर वास्तव अंदाजाने २२० मिळतील, आणि हव्या असलेल्या शाळेनंतर २५०. एक वर्ष थांबलात तर त्या वर्षी १०० कमवाल, पण एमबीएनंतरच्या कमाईचं एक वर्ष, म्हणजे २२०, गमवाल. थांबण्याची किंमत १२०. फायदा किती? वर्षाला ३०, आणि हा फरक १० वर्षं टिकतो असं उदारपणे धरलं तर ३००. पण तो फक्त प्रवेश मिळाला तरच. शक्यता २५ टक्के असेल तर फायद्याची अपेक्षित किंमत ७५. तोटा १२०, फायदा ७५. बरोबरी साधायला शक्यता ४० टक्के लागेल. शिवाय यात गृहीत धरलंय की हवी ती शाळा नाही मिळाली तरी आजच्यासारखी ऑफर पुढच्या वर्षी पुन्हा मिळेल. तशी हमी नसते.

आता हातातल्या शाळेने ८० एवढी शिष्यवृत्ती दिलीय असं धरा. ती पुढच्या वर्षी मिळेल असं नाही. थांबण्याची किंमत २०० झाली आणि बरोबरीची शक्यता ६७ टक्क्यांवर गेली. दुसऱ्या वेळी इतकी मोठी शक्यता फारच थोड्यांची असते.

आता उलटं चित्र. तिसऱ्या पायरीत कळलं की तुमच्या क्षेत्रातल्या कंपन्या त्या शाळेत येतच नाहीत, आणि बाहेर पडल्यावर वास्तवात १३० च मिळतील. हवी ती शाळा २२० देईल. थांबण्याची किंमत फक्त ३०, आणि २५ टक्के शक्यतेनेही फायदा २२५. इथे ती ऑफर घेणंच महाग पडेल, फी आणि कर्ज तर वेगळंच.

तीच शक्यता, तोच माणूस, आणि उत्तर पूर्ण उलट. म्हणून "किती मोठं नाव आहे" यापेक्षा "या शाळेतून मला हवी ती नोकरी मिळते का" हा प्रश्न जास्त वजनाचा.

शक्यता काढताना स्वतःला सवलत देऊ नका. शाळेच्या प्रवेशाच्या टक्केवारीपासून सुरुवात करा आणि दुसऱ्या पायरीत सापडलेला दोष खरोखर दूर होणार असेल तरच ती वाढवा. "तीन शाळांना अर्ज करतोय, प्रत्येकी २० टक्के, म्हणजे ६० टक्के" हा हिशेब चुकीचा आहे. तिन्ही निकाल एकमेकांपासून स्वतंत्र असते तरी निदान एक मिळण्याची शक्यता ४९ टक्क्यांच्या आसपास येते. ते स्वतंत्र नसतात, एका शाळेला खटकलेली गोष्ट दुसरीलाही खटकते, त्यामुळे खरा आकडा त्याहून खाली.

कर्जाबाबत आमचं मत स्पष्ट आहे: त्या शाळेनंतर मिळणाऱ्या वर्षभराच्या वास्तव पगारापेक्षा एकूण कर्ज जास्त होत असेल, तर ऑफर कितीही चांगली वाटली तरी पुन्हा विचार करा. वास्तव म्हणजे तुमच्या क्षेत्राचा मध्यक, रिपोर्टच्या पहिल्या पानावरचा आकडा नव्हे.

पाचवी पायरी: "हो" किंवा "नाही" म्हणण्याआधी शाळेशी बोला

हे पाऊल बहुतेक जण गाळतात, कारण मागितलं तर ऑफर काढून घेतील अशी भीती वाटते. सभ्यपणे विचारल्याने तसं होत नाही.

दोन गोष्टी मागता येतात. पहिली, शिष्यवृत्तीचा फेरविचार. त्यासाठी कारण हवं: त्याच तोडीच्या दुसऱ्या शाळेची शिष्यवृत्ती, वाढलेला स्कोअर, प्रमोशन, बदललेली आर्थिक स्थिती. मेल आठ-दहा ओळींचा असावा, साधारण असा: "प्रवेशाबद्दल मनापासून आभार. तुमच्याकडेच यावं असं मला वाटतंय. अर्ज केल्यानंतर माझी टीम लीड म्हणून नेमणूक झाली आहे आणि दुसऱ्या एका शाळेकडून शिष्यवृत्तीसह प्रवेश मिळाला आहे. दोन्हीची पत्रं सोबत जोडतो आहे. माझ्या शिष्यवृत्तीचा पुन्हा विचार होऊ शकेल का?" रक्कम विचारली तर नेमकी सांगा. खोटी ऑफर कधीच दाखवू नका. पत्र मागितलं जातं, आणि खोटं उघडकीला आलं तर प्रवेशच जातो.

दुसरी मागणी म्हणजे डिपॉझिटची मुदतवाढ. दुसऱ्या शाळेचा निकाल दोन-तीन आठवड्यांनी लागणार असेल तर तारखेसकट सांगा. एक-दोन आठवडे अनेकदा मिळतात. दोन महिने सहसा नाही.

डिफरल, म्हणजे याच शाळेत पुढच्या वर्षी येण्याची परवानगी, हा बऱ्याच जणांना सोपा तोडगा वाटतो. बहुतेक शाळा ती गंभीर आजार, लष्करी सेवा, व्हिसाची अडचण अशा कारणांसाठीच देतात. "आणखी चांगली शाळा मिळते का बघतो" हे कारण चालत नाही. डिफरल घेऊन दुसरीकडे अर्ज करणं बऱ्याच शाळांच्या अटींत बसत नाही, आणि ते कळलं तर जागा जाते.

मधल्या वाटा

दुसऱ्या शाळेच्या वेटलिस्टवर (प्रतीक्षा यादीवर) असाल तर हातातल्या शाळेचं डिपॉझिट भरून वेटलिस्ट चालू ठेवणं मान्य आहे. वेटलिस्टमधून बोलावणं जून-जुलैच्या सुमारास, कधी कोर्स सुरू व्हायच्या काही आठवडे आधीही येतं. डिपॉझिट बुडेल, त्याची तयारी ठेवा. एकाच वेळी दोन शाळांत डिपॉझिट भरून ठेवणं मात्र टाळा. अनेक शाळा अटींमध्ये हे स्पष्ट लिहितात.

जानेवारीत सुरू होणारे किंवा एका वर्षाचे कोर्सही बघा. उदाहरणार्थ, इन्सीआड या फ्रान्समधल्या बी-स्कूलचा कोर्स १० महिन्यांचा आहे आणि तिथे वर्षात दोनदा प्रवेश असतो. पूर्ण वर्ष न थांबता वेगळ्या प्रकारची शाळा मिळू शकते. पण एका वर्षाच्या कोर्समध्ये इंटर्नशिपला जागा कमी असते. क्षेत्र पूर्ण बदलायचं असेल तर हे जड जातं.

आणि एक वाट जी नाही: "आत्ता इथे जॉइन होतो, नंतर बदली घेईन." पूर्णवेळ एमबीएमध्ये एका शाळेतून दुसरीत जाण्याची सोय जवळजवळ नसतेच.

तर काय करायचं?

आमच्या मते ऑफर घ्या, जर तुमच्या क्षेत्रात ती शाळा नोकऱ्या लावते, शिष्यवृत्ती आहे, अनुभव पाच वर्षांच्या पुढे गेलाय आणि अर्जातला दोष न बदलणाऱ्या गटातला आहे. यातल्या तीन गोष्टी खऱ्या असतील तरी पुरे.

थांबा, जर शाळेतून तुमच्या क्षेत्रात माणसं जातच नाहीत, कर्ज डोईजड होतंय, आणि दोष नाव घेऊन सांगता येतो व वेळेत दूर होतो: स्कोअर रेंजच्या खाली होता, तिसऱ्या राउंडला अर्ज केला होता, दोनच शाळांना केला होता. आणखी एक अट: थांबण्याचं वर्ष कामाच्या दृष्टीनेही चांगलं जाणार असावं. ज्या नोकरीत गुदमरायला होतंय तिथे आणखी एक वर्ष काढून त्यातून जोरदार अर्ज निघत नाही.

दोन्ही बाजू सारख्या वाटत असतील तर डिपॉझिटच्या तारखेआधी चार दिवस स्वतःची मुदत ठेवा आणि तोवर निर्णय लिहून काढा, कारणांसकट. शेवटच्या रात्री घेतलेले निर्णय बहुधा भीतीचे असतात.

निर्णयानंतर

ऑफर घेतलीत तर डिपॉझिट भरल्या दिवशीच बाकी अर्ज मागे घ्या, ज्या वेटलिस्टवर खरंच जायचंय ती सोडून. शिफारस देणाऱ्यांना कळवा, त्यांनी तुमच्यासाठी वेळ दिलाय. मग कोर्स सुरू होण्याआधीच रिझ्युमे आणि ओळखीपाळखीच्या कामाला लागा. कन्सल्टिंग आणि बँकिंगची भरती पहिल्या सत्रातच सुरू होते.

ऑफर सोडलीत तर दोन-तीन ओळींचा आभाराचा मेल पाठवा. त्याच शाळेला पुढे अर्ज करायची वेळ येऊ शकते, आणि तुम्ही एकदा नाकारलेली शाळा "या वेळी खरंच येणार का?" असं विचारणारच. त्याचं खरं उत्तर आत्ताच नोंदवून ठेवा.

पुन्हा अर्जाचं वेळापत्रक पहिल्या राउंडसाठी साधारण असं बसतं. एप्रिलमध्ये जुना अर्ज परक्या नजरेने वाचून दोषांची यादी. मे-जूनमध्ये परीक्षा, गरज असेल तर. दोन जीमॅटमध्ये १६ दिवसांचं अंतर लागतं आणि १२ महिन्यांत पाचच वेळा देता येते, म्हणून पहिली तारीख मेअखेरच्या पुढे ढकलू नका. आयईएलटीएस किंवा टोफेल या इंग्रजीच्या परीक्षांचा स्कोअर दोन वर्षांत संपतो, जीमॅटचा पाच वर्षांत. मागच्या वेळचा अजून चालतो का ते बघा. जूनच्या मध्यात शिफारस देणाऱ्यांशी बोला. निदान एक पत्र नव्या माणसाचं किंवा नव्या कामाबद्दलचं हवं. जून-जुलैच्या सुमारास शाळा निबंधांचे प्रश्न जाहीर करतात, तेव्हापासून ऑगस्टअखेरपर्यंत लेखन.

बऱ्याच शाळा पुन्हा अर्ज करणाऱ्यांना वेगळा छोटा निबंध मागतात: मागच्या वेळेनंतर काय बदललं? इथे मनाची उभारी वगैरे लिहू नका. घटना लिहा. "मार्चमध्ये सहा जणांची टीम माझ्याकडे आली. क्वांटचा स्कोअर ७८ वरून ८४ झाला. तुमच्या ऑपरेशन्स क्लबच्या दोन विद्यार्थ्यांशी बोलून माझं ध्येय अमुक इथून तमुक इथे सरकलं, कारण…" जुना निबंध शब्द फिरवून पुन्हा देऊ नका. शाळेकडे मागचा अर्ज असू शकतो आणि तो शेजारी ठेवून वाचला जाऊ शकतो. दोन वर्षांत ध्येय उद्योजकतेवरून फायनान्सवर उडी मारत असेल, तर मधली पायरी सांगावीच लागेल.

फॉर्मवर "याआधी अर्ज केला होता का?" या प्रश्नाला हो असेल तर हो लिहा, तो अर्ज कितीही जुना असो. त्या उत्तराने संधी कमी होत नाही. लपवलेलं पडताळणीत निघालं, तर मिळालेला प्रवेशही रद्द होऊ शकतो.